दादांनी जोडलेला दिवा

दादांनी आयुष्यात हात लावलेली एकही वस्तू त्यांच्या हातून दुरुस्त झालेली नव्हती. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. फक्त दादांना नव्हती.

चौतीस वर्षे ते पाणीपुरवठा खात्यात हत्यारांच्या कोठारावर कारकून होते. फिटर खिडकीशी येत, पाना मागत, दादा वहीत सही घेऊन पाना देत आणि संध्याकाळी परत घेताना तो नीट पुसलाय की नाही हे बोटाने चाचपून पाहत. कुठला पाना कितीचा आणि कशाला लागतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. त्यातला एकही त्यांनी कधी नटाला लावून फिरवला नव्हता. पण इतकी वर्षे हत्यारे हातातून गेली म्हणजे कामही हातातून गेले, असा त्यांनी स्वतःचा समज करून घेतला, आणि निवृत्तीच्या दिवशी खात्याने पान्यांचा एक संच भेट दिला तेव्हा तो समज पक्काच झाला. गल्लीत त्यांना ‘इंजिनीअर’ म्हणत. म्हणणारे गालातल्या गालात हसत. दादा ते मानाचे समजून मान डोलावत.

याचा सगळा दोष मात्र दादांच्या माथी मारून चालणार नाही. अकराव्या वर्षी ते शाळेत नापास झाले आणि दोन दिवस जेवले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी घरचा रेडिओ उघडला आणि त्याची पार वाट लावली. वडिलांनी तो गुपचूप दुकानात नेऊन दुरुस्त करून आणला, आणि आईने मुलाच्या तोंडावर हसू यावे म्हणून सांगितले, “बघ, तू खटपट केलीस म्हणून वाजायला लागला.” मुलगा जेवला. आईला वाटले, एकदाच तर खोटे बोलले. पण ते खोटे घरात जेवायला बसले ते उठलेच नाही. आईनंतर दादांच्या बायकोने, वहिनींनी, ते सांभाळले. वहिनींकडे त्यासाठी एक निळी कापडी पिशवी होती. दादांनी इस्त्री ‘दुरुस्त’ केली की दुसऱ्या दिवशी वहिनी त्या पिशवीतून भाजी आणायला जात, आणि भाजी आणण्याआधी इस्त्री दुकानात टाकून येत. शिवणयंत्राचे चाक, पाण्याचा पंप, मिक्सर, भिंतीवरचे घड्याळ, सगळे असेच बरे झाले. शाबासकी दादांना मिळाली. अडुसष्टाव्या वर्षापर्यंत या माणसाला आपल्याला काही येत नाही हे कळायची एकही संधी घरच्यांनी दिली नाही. कुणाला वाईट वाटू नये म्हणून एवढे कष्ट घेणारी माणसे स्वतःला प्रेमळ समजतात. खरे तर ती भित्री असतात.

दादांची धाकटी बहीणही त्यातलीच. सगळे तिला धाकटीच म्हणत, वय छप्पन्न असले तरी. लग्न तिने केले नाही. दादांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि बाहेरच्या अंगणात तिची पिकअप उभी असायची. आधी वीस वर्षे एका धुलाई केंद्रात तिने चादरींना नंबराच्या चिठ्ठ्या शिवल्या, मग स्वतःची गाडी घेतली आणि इस्पितळाचे कपडे न्यायचे काम धरले. पहाटे पाचला मळक्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट यांची गाठोडी उचलायची, केंद्रावर टाकायची, दुपारी धुतलेली परत न्यायची. तिच्या पिकअपमध्ये एक गाठोडे कधी इकडचे तिकडे झाले नव्हते. बाहेरच्या जगात ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. घरात मात्र दादांपुढे मूग गिळून बसायची.

त्या आठवड्यात इस्पितळाच्या कचेरीतून तिला निरोप आला होता. यापुढे कपड्यांच्या प्रत्येक गाडीचे तपासणीचे प्रमाणपत्र लागणार. गुरुवारी अकराची वेळ तिला मिळाली होती. गुरुवारी गाडी पास झाली नाही तर शुक्रवारपासून गाठोडी दुसऱ्या गाडीतून जातील, आणि ती दुसरी गाडी कुणाची हेही कचेरीतल्या बाईंनी सांगून टाकले होते. दुसरी गाडी एकदा फाटकातून आत आली की ती काही बाहेर जात नाही, हे धाकटीला पक्के ठाऊक होते. ती स्वतः अशीच आत आली होती.

आणि सोमवारी पहाटे गाडीचे दिवे गेले.

पुढचे मोठे दिवे लागत होते. पण स्टिअरिंगमागचा मीटर काळाठिक्कर, वेग किती नि डिझेल किती काही दिसेना. दोन चौक गेल्यावर मागचा एक ट्रकवाला हॉर्न वाजवत बाजूला आला आणि खिडकीतून ओरडला, “मावशी, मागे लाल दिवेच नाहीत. मरायचंय की मारायचंय?”

तिने गाडी हळू चालवत कशीबशी फेरी पुरी केली. घरी येते तो दादा अंगणात चहा घेत उभे. त्यांना सांगायचे नाही असे तिने वाटेत चारदा ठरवले होते. पण गाडीचे दिवे गेलेले दादांना मैलभरावरून कळायचे.

“मीटर नाही लागत का?” त्यांनी विचारले. डोळ्यांत चमक आली होती.

“मीटर नाही आणि मागचे लालही नाहीत. फ्यूज बघून घेते.”

“फ्यूज गेला असता तर हेडलाईट लागला असता का? ब्रेक दाबल्यावर लाल लागतोय ना? साइडचा पिवळा लागतोय ना? म्हणजे करंट आहे. उठसूट फ्यूज बघणं हे अडाण्याचं काम. जाणता माणूस मुळाशी जातो.”

“दोन्ही एकदम गेलेत, दादा.”

“गाडी केवढी लांब आहे बघ. हा दिवा या टोकाला, तो त्या टोकाला. त्यांची काय सोयरीक आहे? दोन वेगळी दुखणी आहेत, योगायोगाने एका दिवशी आलीत.”

वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी खिडकीतून धाकटीकडे बघून डोळे मिटले. ‘करू दे, मग बघू’, असा त्याचा अर्थ, आणि तो अर्थ घरात सगळ्यांना वाचता यायचा.

दादांनी निवृत्तीचा संच उघडला आणि मागून सुरुवात केली. लाल काचा काढल्या, बल्ब काढले, बल्बांची बुडे सँडपेपरने चांदीसारखी घासली. परत बसवले. लागले नाहीत. मग पुढे येऊन मीटरचे झाकण काढले, मीटर बाहेर ओढला, त्यामागची जोडणी सोडवली, फुंकर मारली, परत लावली. एक क्लिप तुटली. ती कंपनीनेच हलकी दिली होती असे त्यांनी सांगितले. पाच तासांनी बशीत तीन स्क्रू उरले.

“हे कुठले?” धाकटीने विचारले.

“जास्तीचे असतात. कंपनी घालते.”

“आणि दिवे?”

“बल्ब मेलेत. नवे आण.”

“सगळे एकदम मेले?”

“एका दिवशी बसवलेले एकाच दिवशी जायचे. त्यांचं आयुष्य ठरलेलं असतं.”

 मंगळवारची फेरी झाल्यावर धाकटी गाडी घेऊन सरळ वायरमनकडे गेली. वहिनींना निघताना फक्त “येते जाऊन” म्हणाली, आणि वहिनींनी “सावकाश ये” म्हटले. एवढ्यात सगळे ठरले.

वायरमनची शेड एका पडक्या भिंतीला टेकून होती, पण ती भिंत त्याने स्वच्छ पांढरी रंगवली होती. गाडी तिच्याकडे पाठ करून लावायची, म्हणजे मागचा दिवा लागला की भर दिवसाही भिंतीवर लाल डाग दिसे. माणूस पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात, तोंड जन्मापासून कडू. धाकटीचे आणि त्याचे चांगले जमायचे.

“काय होतंय?”

“मीटर काळा, आणि मागचे लाल बंद. बाकी सगळं लागतंय.”

“कुणी हात घातलाय?”

“भावाने.”

“किती वेळ?”

“पाच तास.”

“तरी स्वतःच्या चाकांवर आलात. नशीब म्हणायचं.”

त्याने गुडघ्यापाशी असलेले एक छोटे झाकण उघडले, चिमट्याने नखाएवढा लाल फ्यूज उपसला आणि उजेडात धरला. आतली तार तुटलेली होती. या सगळ्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

“दिव्याच्या बटणाचा पहिला खटका ओढला की या एका फ्यूजमधून करंट दोन वाटांनी जातो,” तो म्हणाला. “एक मागच्या लाल दिव्यांना, एक मीटरच्या उजेडाला. दोन्ही एकदम गेले की शेंबडं पोरही आधी इथे बघेल. पाच तास काय करत होते तुमचे भाऊ?”

“घासत होते.”

त्याने नवा फ्यूज घातला. भिंतीवर दोन लाल डाग उमटले, मीटर उजळला. धाकटी पर्स उघडायला गेली तेवढ्यात त्याने डॅशबोर्डच्या खालून एक दणका दिला आणि सगळे परत विझले.

“फ्यूज उगाच जळत नाही,” तो म्हणाला. “कुठे तरी तार पत्र्याला लागतेय, ती शोधल्याशिवाय नवा घालून काय उपयोग.” तो पाठीवर आडवा होऊन डॅशबोर्डखाली सरकला. थोड्या वेळाने आतून आवाज आला. “बाई, इथे कुणाला लागलं होतं?”

“म्हणजे?”

“पट्टी बांधलीय. जखमेवर लावतात ती, चिकटपट्टी.”

धाकटीच्या लक्षात आले आणि तिचे कान तापले. वर्षभरापूर्वी दादांनी तिच्या गाडीत एक छोटा दिवा लावून दिला होता. पावत्या वाचायला. तिने तो मागितला नव्हता. पावत्या ती इस्पितळाच्या वऱ्हांड्यातच वाचायची, तिथे दिवसासारखा उजेड असे. पण दादा दर आठवड्याला विचारत, “दिवा बरा चाललाय ना? उपयोग होतोय ना?” आणि ती “हो, फार” म्हणत असे. त्या दिव्याची तार त्यांनी मीटरच्या उजेडाच्या तारेला पीळ देऊन जोडली होती. काळी टेप संपली होती म्हणून औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि तार नेताना ती लोखंडी पट्टीच्या धारदार भोकातून ओवली होती. वर्षभर प्रत्येक खड्ड्याबरोबर धारेने ती तार थोडी थोडी सोलली होती.

वायरमनने दिव्याची तार सोडवली, मीटरच्या तारेला नीट टेप मारली, उरलेले तीन स्क्रू मागून घेऊन जागच्या जागी बसवले. दिव्याची तार त्याने खाली मोकळी लोंबत ठेवली. “ही काढूनच टाकतो.”

“नको,” धाकटी म्हणाली. “राहू दे. दिसायला हवी.”

वायरमनने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिले. छप्पन्न वर्षांची, दीड टनाची गाडी चालवणारी बाई भावाला दिसायला हवी म्हणून मेलेली तार लोंबती ठेवते, याचे त्याला काय वाटले ते त्याच्या तोंडावर लिहिलेले होते. तो बोलला नाही, एवढीच त्याची सभ्यता.

घरी आल्यावर तिने घरची रीत पाळली. “दादा, लागले रे दिवे. वाटेतच लागले. तू घासलेस त्याने असेल.”

“असेल काय, आहेच,” दादा म्हणाले. “घासलेल्या बल्बाला मुरायला एक दिवस लागतो.” आणि आपले काम बघायला ते गाडीत जाऊन बसले. मीटर लागला. मागचे लाल लागले. पावत्यांचा दिवा लागला नाही. खाली बघतात तो तार लोंबतेय.

“उंदीर,” दादांनी निदान केले. ते घरातून चिकटपट्टीचे रीळ घेऊन आले. वहिनींनी विचारलेही, “कुणाला लागलं?” पण दादा घाईत होते.

बुधवारी पहाटे इस्पितळाच्या फाटकातल्या गतिरोधकावरून गाडी उतरली आणि मीटर काळा झाला. गाठोडी उचलून देणारा माणूस म्हणाला, “उद्या तपासणी ना तुमची?” आणि गप्प बसला. त्याचे गप्प बसणे धाकटीच्या जास्त जिव्हारी लागले. ती तावातावाने वायरमनकडे गेली.

“काय काम करता हो तुम्ही? एक दिवस टिकलं नाही.”

वायरमन आडवा झाला, आत गेला आणि बाहेर आला तो बोटांना चिकटलेली पांढरी पट्टी तिच्या डोळ्यांपुढे धरून. “तुमच्याकडे कोण राहतं?”

“उंदीर आहेत.”

“तुमच्या उंदराला मलमपट्टी येते.”

धाकटीला हसू आले आणि त्याच वेळी रडूही आले असते, पण वायरमनपुढे रडायची तिची तयारी नव्हती.

“त्यांना सांगा ना सरळ,” तो म्हणाला.

“आमच्याकडे सांगत नाहीत.”

“का? हृदयाचं काही आहे?”

“प्रकृती ठणठणीत आहे. सांगायची पद्धत नाही.”

“मग माझ्या पांढऱ्या भिंतीचा काय दोष? मी दिवसा लावायचे आणि त्यांनी संध्याकाळी विझवायचे, असं किती दिवस चालवायचंय? उद्या तुमची तपासणी आहे. ते तुमची गाडी बघणार, तुमच्या भावाचं मन नाही बघणार.” त्याने तार पुन्हा सोडवली आणि या वेळी पार वर, पत्र्याच्या मागे खोचून टाकली. नवा फ्यूज घातला, आणखी तीन तिच्या हातावर ठेवले. “असू द्या जवळ. आणि एक ऐका. गाडी जळू नये म्हणून फ्यूज जळतो. त्याच्या जागी कुणी तारेचा तुकडा नाहीतर चमकीचा कागद घालायला निघालं, तर त्याचा हात धरा.”

तिने ते तीन फ्यूज डॅशबोर्डच्या खणात ठेवले. खणाला कुलूप नव्हते. हा तिचा मूर्खपणा. संध्याकाळी घरी ती काहीच बोलली नाही, दिवे लागले असेही नाही. वहिनींनी जेवताना हळूच विचारले, “झालं का?” तिने मान हलवली. आपण फार हुशारीने निभावले असे दोघींना वाटले.

गुरुवारी सकाळची फेरी करून ती घरी नाश्त्याला आली आणि अंघोळीला गेली. बाहेर आली तेव्हा दादा धुतलेला शर्ट घालून पिकअपमध्ये बसले होते, पान्यांचा संच मांडीवर.

“तू कशाला, दादा?”

“तपासनीस चार प्रश्न विचारेल. तुला काय सांगता येणार आहे वायरिंगचं?”

तिने वहिनींकडे पाहिले. वहिनींनी डोळे मिटले. धाकटीने गाडी सुरू केली.

तपासणीच्या आवारात लांब पत्र्याची शेड होती, आत अंधारे, आणि बाहेर गाड्यांची रांग. त्यांचा नंबर पाचवा होता. एकेक गाडी आत जाई, तपासनीस मागे उभा राहून हाताने खूण करी, दिवे लागत, विझत, आणि गाडी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडे. दोन गाड्या पुढे सरकल्या तेव्हा दादा म्हणाले, “जरा दिवे लाव. एकदा बघून घेऊ.”

तिने पहिला खटका ओढला. मीटर उजळला. आणि दादांच्या गुडघ्यांवर, पान्यांच्या संचावर, पिवळा उजेड पडला.

धाकटीचा हात बटणावरच राहिला. “हा कसा लागला?”

“सकाळी तू अंघोळीला होतीस तेव्हा जोडला. उंदराने तार कुठे ओढून नेली होती माहितीय? पार पत्र्याच्या मागे. पण मी सोडतो का.” दादा खुशीत होते. “आणि ऐक. जोडली तसा फ्यूज गेला. तुझ्या खणात तीन होते, त्यातला एक घातला, तोही गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुखणं फ्यूजचंच आहे. कच्चे आहेत ते. जळणारी वस्तूच काढून टाकली तर जळणार काय? माझ्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी असते ना, तिची चार घड्यांची पट्टी घातली. आता कायमची निवांत.”

मागचा हॉर्न वाजला. रांग सरकली होती. तिने गाडी पुढे घेतली, शेडच्या तोंडाशी लोखंडी पट्टी होती, तिच्यावरून चाक चढून धपकन उतरले आणि डॅशबोर्डखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मग धूर. बारीक, निळसर, दादांच्या गुडघ्यांमधून वर येणारा.

“पुढच्या गाडीचा आहे,” दादा म्हणाले.

तिने खटका बंद केला.

“बंद करू नकोस. लोड बसू दे तिच्यावर. बसला की वास जातो.”

धाकटी खाली उतरली, गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली आणि दार उघडले. “पाय वर घे.”

“अगं, पण—”

“पाय वर घे, दादा.”

चिठ्ठ्या शिवायच्या दिवसांपासूनची छोटी कात्री तिच्या कमरेला असे. ती खाली वाकली. दिव्याची तार मेणबत्तीसारखी मऊ झाली होती. तिने ती दोन्हीकडून कापली, पट्टीसकट ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. तिथेही ती जरा वेळ धुमसत राहिली. मग झाकण उघडून चांदीची घडी बोटांनीच उपसली. बोट भाजले. खणात उरलेल्या दोनातला एक फ्यूज तिने जागेवर दाबून बसवला.

मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर तोवर उतरून आला होता, त्याच्यामागे आणखी दोघे. “काकू, काय जळतंय? पाणी आणू?”

“काही नाही हो,” दादा सीटवरून म्हणाले, पाय अजून वरच. “एक जादा वायर होती. मीच तिला कापायला सांगितली.”

असे वाक्य आले की घरातल्या प्रत्येकाला पुढचे पाठ होते. ‘हो, दादांनीच सांगितलं.’ ते तिच्या जिभेवर आलेही. मागे गाडीत दुपारी परत न्यायच्या धुतलेल्या चादरींचा ढीग होता, कोरडा, कापसासारखा. तो तिने खिडकीतून पाहिला.

“नाही,” ती म्हणाली. “तू नाही सांगितलंस. तू ती जोडलीस. तीनदा. दोनदा मी ती वायरमनकडून सोडवून आणली आणि दोनदा तू परत जोडलीस. गाडीचे दिवे त्या दिव्यामुळे जात होते. आत्ता गाडी पेटली असती.”

टेम्पोवाला पाण्याची बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. दुसऱ्याच्या घरातले असे फुकट ऐकायला मिळते तेव्हा कोण जागचा हलतो?

“वायरमनकडून?” दादांनी विचारले. बायको परक्या घरी राहून आली असे कुणी सांगावे, तसा त्यांचा आवाज निघाला.

“हो.”

“म्हणजे मंगळवारी दिवे लागले ते...”

“त्याने लावले. बल्बांना काही झालंच नव्हतं.”

दादांनी पाय खाली घेतले. मग म्हणाले, “हे असं... कधीपासून?”

“रेडिओपासून,” धाकटी म्हणाली.

आतून तपासनीसाने हात केला. ती स्टिअरिंगवर जाऊन बसली आणि गाडी आत घेतली. मोठे दिवे, साइडचे, ब्रेक. मग पहिला खटका. शेडच्या अंधारात मागची जमीन लाल झाली, मीटर हिरवा उजळला. तपासनीस खिडकीशी आला आणि हुंगत खाली वाकला. “वास कसला? इथली तार कापलेली दिसते.”

“एक बाहेरून लावलेला दिवा होता. काढून टाकला.”

त्याने टॉर्च मारून टेप पाहिली, तार ओढून पाहिली, डॅशबोर्डवर मुठीने दोनदा ठोकले. दिवे लुकलुकले नाहीत. “हे टेपचं काम चांगलं आहे. कुणी केलं?”

“वायरमनने,” धाकटी म्हणाली.

दादा त्या वेळी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर भिंतच होती.

शुक्रवारी गाठोडी तिच्याच गाडीतून गेली. कचेरीतल्या बाईंनी प्रमाणपत्राची प्रत फाईलला लावली आणि ‘बरं झालं’ म्हणाल्या. आवाजात फारसे बरे वाटलेले नव्हते. दुसरी गाडी त्यांच्या भाच्याची होती.

दादांनी घरी काय केले? काही नाही. वहिनींना त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. इस्त्री, पंप, घड्याळ, सगळे डोळ्यांसमोर होते आणि उत्तर द्यायला बायको समोर बसलेली होती, पण ज्याला ऐकायचे असते तो विचारतो. धाकटीशी त्यांनी दीड महिना अबोला धरला. गल्लीत मात्र सांगितले की हल्लीच्या तारा कमअस्सल येतात, पूर्वी कोठारात यायच्या त्या वेगळ्या. गल्लीने मान डोलावली. अपमान गिळायला दादांना आठवडा पुरला. त्यानंतरच्या सोमवारी दारावरची घंटा मधूनच किरकिरली, आणि त्याच दुपारी ती वर्तमानपत्रावर अकरा तुकड्यांत मांडलेली होती.

दोन दिवसांनी त्यांनी ती परत भिंतीवर लावली. वाजली नाही. दादा म्हणाले, मुरायला वेळ लागतो. वहिनींनी सवयीने खुंटीवरची निळी पिशवी काढली, घंटा गुपचूप तिच्यात टाकली आणि मागच्या दाराने निघाल्या. अंगणात धाकटी गाडी पुसत होती.

“भाजीला?” तिने विचारले.

“हो.”

“वहिनी, घंटा परत लावा.”

“अगं, वाजत नाही ती. लोक दारात उभे राहतील.”

“राहू देत.”

“त्यांना वाईट वाटेल.”

“सत्तावन्न वर्षं वाटू दिलं नाही, म्हणून त्या गुरुवारी माझी गाडी पेटत होती. चादरी पेटल्या असत्या, आत तो होता, मी होते.” धाकटीने फडके पिळले. “तुम्हाला जायचं तर जा. पण मग त्याला सांगून जा, कुठे चाललात ते.”

वहिनी बराच वेळ अंगणात उभ्या राहिल्या. सांगून जाणे त्यांना जमण्यासारखे नव्हते, आणि न सांगता जाताना धाकटी बघणार होती. शेवटी त्या आत गेल्या, स्टुलावर चढल्या, घंटा भिंतीवर टांगली आणि पिशवी खुंटीला लावून खरोखरच भाजीला गेल्या, दुसरी पिशवी घेऊन.

आता येणारे जाणारे दारावर टकटक करतात. दादांची खुर्ची दाराजवळ, म्हणून त्यांनाच उठावे लागते. एखादा पाहुणा घंटेकडे बोट दाखवतो आणि विचारतो, “बंद आहे वाटतं?”

“दुरुस्ती चाललीय,” दादा म्हणतात, आणि त्याला आत घेतात. याला आता चौथा महिना लागला.